पदवी चारचौघांत घ्या

मदरशाचा सालाना जलसा असला की सगळा मोहल्ला लोटतो. हाफिज झालेल्या पोराच्या डोक्याला उलेमा पगडी बांधतात, हातात सनद देतात. अब्बा पुढच्या रांगेत, मामू-चाचा हार घेऊन उभे. दस्तारबंदी म्हणजे अख्ख्या वस्तीचा दीक्षांत समारंभ असतो. त्याच वस्तीतली मुलगी एम.एस्सी. किंवा एम.कॉम. होते तेव्हा मात्र मोबाइलवर निकाल पाहिला जातो, पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. पदवीचा कागद कधी आला, तो कुणी आणला का, याची चौकशी कुणी करत नाही.

निकाल म्हणजे पदवी नव्हे, हे आपल्याकडे नीट सांगितलेच जात नाही. निकालानंतर मिळते ती गुणपत्रिका. हवे तर तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळते, पण ते नावाप्रमाणे तात्पुरतेच. खरी पदवी दीक्षांत समारंभात प्रदान होते, आणि बहुतेक विद्यापीठांत त्यासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क भरावे लागते. मंचावर साधारणपणे पीएच.डी.धारक आणि सुवर्णपदकाचे मानकरी जातात. बाकी हजारोंना अनुपस्थितीत पदवी मिळते. त्यांचे कागद पुष्कळदा कॉलेजच्या कपाटात येऊन पडतात.

निलंग्याच्या माणसाला हा सोहळा कधी जवळ नव्हताच. निजामाच्या काळात आपला तालुका बीदर जिल्ह्यात होता आणि विद्यापीठ हैदराबादला, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा अंतर बरेच कमी झाले. तरीही लातूरमार्गे विष्णुपुरीला जाऊन परत यायचे तर दिवस मोडतो आणि दोन माणसांचे भाडे लागते. इंजिनिअरिंगची गोष्ट आणखी वेगळी. २०१७ पासून मराठवाड्यातली अनेक कॉलेजे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली. म्हणजे लातुरात शिकलेल्या पोराची पदवी रायगड जिल्ह्यातून येते.

कागद राहिला तर काय बिघडते? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एवढे खात्रीने सांगू शकतो: नोकरी लागली की कंपनी कागदपत्रांची पडताळणी करते, आणि तिथे मूळ पदवी मागतात. आखाती देशांत जायचे तर मूळ पदवीवर आधी राज्य सरकारचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. आपल्या नावांचा घोळ वेगळाच. 'शेख' इंग्रजीत चार प्रकारे लिहितात. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'मोहम्मद' पूर्ण असते, आधारवर नुसते 'एमडी'. आडनाव कधी आधी, कधी शेवटी. माणसाला हा एकच माणूस आहे हे कळते, संगणकाला तो वेगळा वाटतो. अर्ज भरतानाच दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव तपासले, तर काम मिनिटाचे. दहा वर्षांनी दुरुस्ती करायची तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे.

मुलींचे नुकसान सर्वांत मोठे. निकाल लागतो, निकाह होतो, ती सासरी दुसऱ्या जिल्ह्यात जाते. पुढे कधी बी.एड. करावेसे वाटले किंवा शिक्षिकेची जागा निघाली, तर कागद निलंग्यात आणि ती सोलापुरात. कागद आणायला कोण जाणार, यावरच गोष्ट अडते. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की २० वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर किंवा पदविकाधारक ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. जी गोष्ट इतक्या कष्टाने आणि इतक्या थोड्यांना मिळते, ती कपाटात का राहावी?

"नोकऱ्याच नाहीत, कागद घेऊन काय करायचे?" असे विचारणारे भेटतील. त्यांचा राग समजतो. पण जागा निघेल त्या दिवशी कागद नसलेला उमेदवार रांगेत उभाच राहू शकत नाही.

विद्यापीठांचीही जबाबदारी आहेच. विद्यार्थी पात्र ठरणे अपेक्षित असते त्या तारखेपासून १८० दिवसांत पदवी प्रदान व्हावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००८ चा नियम आहे. तो पाळला जातो का, हे विद्यार्थ्यांनी लेखी विचारले पाहिजे. संस्थेने डिजिलॉकरमध्ये दिलेला दस्तऐवज २०१७ च्या नियमदुरुस्तीपासून मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. निलंग्याच्या मुलीला नांदेडचा प्रवास वाचवणारी ही सोय आहे. पण विद्यापीठाने पदवी तिथे चढवली, तरच.

आपण काय करायचे? पहिले, प्रत्येक मोहल्ल्यात गेल्या पाच वर्षांतल्या पदवीधरांची यादी करावी, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या मुलींची, आणि कुणाचा कागद राहिला आहे ते पाहावे. दुसरे, दीक्षांत समारंभाचे अर्ज निघाले की ते भरून द्यायला दोन शिकलेली पोरे आठवडाभर बसवावीत. शुल्क जड जाणाऱ्यांचे शुल्क जमातीने भरावे. तिसरे, तालुक्यातल्या कॉलेजांकडे मागणी करावी की पदवी खिडकीतून न देता दरवर्षी ठरलेल्या दिवशी, आईवडिलांना बोलावून, नाव पुकारून द्या. त्यासाठी काळा झगा आणि टोपी लागत नाही. हातमागाचे कपडे वापरा, असे आयोगानेच सुचवलेले आहे. साधी ओढणीसुद्धा चालेल.

समोरच्या खुर्चीत मात्र अब्बा आणि अम्मी दोघेही हवेत. शेजारच्या घरातली सातवीतली पोरगीही सोबत न्यावी. टाळ्या कशासाठी वाजतात, हे तिने स्वतः पाहिले पाहिजे.