टर्बोची गाडी आणि ऑईलचा डबा

बारामती-इंदापूर भागात ज्यांचा धंदा चाकांवर चालतो अशा आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. कोणी इंदापूरचे डाळिंब-पेरू पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पोहोचवतो, कोणी आठवडे बाजारात शेळ्या-बोकड नेतो, कोणाचे भंगार, कोणाचे फर्निचर. लोणी भापकरसारख्या जिरायत गावात पावसाने दगा दिला की कर्ज काढून घेतलेली पिकअप हीच घरची शेती होते. आज या डिझेल पिकअपना बहुतेक टर्बो असतो. मालक मात्र ऑईल घेताना अजून मॅटॅडोरच्या काळात वावरतो. दुकानात जाऊन "डिझेलचे द्या, स्वस्तातले द्या" एवढेच सांगतो. हे बदलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर एका बाजूचे चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि बहुतेक गाड्यांत तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धुराच्या बाजूला उष्णता सहाशे-सातशे अंशांपर्यंत जाते. ती शोषून नेण्याचे कामही बरेचसे ऑईलच करते. जुन्या साध्या इंजिनात हलके ऑईल गेले तर इंजिन कुरकुरत का होईना वर्षभर चालते. टर्बो एवढी सवलत देत नाही. ऑईल आत जळून त्याचा कोळसा झाला, की टर्बोकडे जाणारी बारीक नळी तुंबते आणि दांडा कोरडा पडतो.

मग डब्यावर काय पाहायचे? कंपनीचे नाव आणि सिनेनटाचा फोटो हे पाहण्याचे नव्हे. दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली जाडी, म्हणजे १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे आकडे. 'डब्ल्यू'च्या अलीकडचा आकडा थंडीतला, पलीकडचा तापलेल्या इंजिनातला. १५डब्ल्यूची परीक्षा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंशांवर घेतात. आपल्याकडे तेवढी थंडी कधीच पडत नाही. म्हणून जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिले असेल, तर भारी किमतीच्या ५डब्ल्यूमागे धावण्याचे कारण नाही. उलट पुस्तकात ५डब्ल्यू-३० असताना "आपल्याकडे ऊन फार, जाड घाला" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. सकाळी सेल मारल्यावर जाड ऑईल टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते, आणि तेवढा वेळ दांडा अर्धा कोरडा फिरतो. पंपाच्या इंजिनासाठी आणलेले चाळीस नंबर तर टर्बोच्या जवळही नेऊ नये.

दुसरी गोष्ट दर्जाची. डिझेलच्या डब्यावर एपीआयची अक्षरे असतात: सीएफ, सीएच-४, सीआय-४, सीके-४. सीएफ आता कालबाह्य आहे. सीएच-४ हा १९९८चा दर्जा, सीआय-४ हा २००२चा आणि सीके-४ हा २०१६च्या अखेरचा. सीआय-४ मागणाऱ्या गाडीत सीके-४ चालते, पण सीके-४ मागणाऱ्या गाडीत सीआय-४ चालत नाही. एफए-४ नावाचा एक पातळ प्रकारही त्याच वेळी आला. तो ठरावीक नव्या इंजिनांसाठीच आहे, अक्षर नवे दिसले म्हणून घेऊ नये.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि हा प्रश्न अधिक नाजूक झाला. त्यांच्यातील बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी आतल्या आत जाळून टाकता येते, पण ऑईलमधल्या कॅल्शियम-जस्ताची राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑईल लागते. जुने राहिलेले डबे संपवण्यासाठी कोणी दुकानदार अशा गाडीत जुन्या दर्जाचे ऑईल घालून देत असेल, तर तो गिऱ्हाइकाचा फिल्टर हप्त्याहप्त्याने विकत खातो आहे! आणखी एक. बीएस-६ गाडी सतत गावातल्या गावात फिरली, तर काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते आणि डिझेल ऑईलमध्ये उतरते. दांडी काढून पाहिली तर पातळी वाढलेली दिसते. मालक खूश होतो, की गाडी ऑईल खात नाही. प्रत्यक्षात ऑईल पातळ झालेले असते.

चांगले ऑईलही सवयीपुढे हरते. पुण्याहून माल भरून परतताना दिवे घाट चढून आल्यावर चहासाठी गाडी थांबते आणि ड्रायव्हर लगेच चावी फिरवतो. त्या क्षणी टर्बो लालबुंद तापलेला असतो, पण ऑईलचा प्रवाह बंद पडतो आणि आत उरलेले ऑईल करपते. एक-दोन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवून मग बंद करावे. जिरायत पट्ट्यातल्या धुळीत एअर फिल्टरही पुस्तकातल्या मुदतीपेक्षा लवकर तपासावा.

मिस्त्री बांधवांना एक विनंती आहे. टर्बो गेला म्हणून नवा बसवताना जुनीच ऑईलची नळी परत लावू नका. ज्या कोळशाने पहिला टर्बो मेला तोच कोळसा दुसऱ्यालाही मारतो, आणि नाव मिस्त्रीचे जाते. नळी नवी घ्या, परतीची नळी साफ करा, ऑईल आणि फिल्टर बदला. बिलावर फक्त "ऑईल ५ लिटर" न लिहिता जाडी, दर्जा आणि किलोमीटर लिहा. चांगल्या-वाईट ऑईलमधला फरक काही शे रुपयांचा, फार तर हजार-दीड हजाराचा असतो. टर्बोचा खर्च दहा-दहा हजारांनी मोजावा लागतो, आणि गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही.

शेवटी रिकाम्या डब्याविषयी. नामांकित कंपनीचा धड डबा, झाकण आणि लेबल बाजारात परत गेले की त्यात काळ्या तेलाला गाळून भरणारे बसलेलेच आहेत. गॅरेजवाल्यांनी डबा रिकामा होताच त्याला खिळ्याने भोक पाडावे आणि लेबल फाडावे. भंगाराचा धंदा करणाऱ्या बांधवांनी धड डब्यांना जास्त भाव देणारा गिऱ्हाईक आला, तर तो प्लास्टिकसाठी आलेला नाही एवढे ओळखावे आणि डबे कापूनच वजनावर घालावेत.