उत्तरेचा वारा आणि सखल रान

थंडीनें द्राक्षबागेचें नुकसान झालें कीं सगळा दोष उत्तरेच्या वाऱ्यास देण्याची आपल्याकडे रूढि आहे. आमच्या मतें हा आरोप अर्धाच खरा आहे.

हिंवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून वातावरणांतील विक्षोभ पूर्वेकडे सरकत येतात. त्यांच्या योगें हिमालयावर बर्फ पडतें, आणि ते पुढें गेले म्हणजे पाठीमागून कोरडी, थंड हवा मैदानें ओलांडून दक्षिणेस उतरते. नाशिक-खानदेशास कांपविणारा वारा तो हाच. परंतु पिकाचा खरा घात बहुधा हा वारा पडल्यानंतर होतो. वाहता वारा वरची उबदार हवा खालच्या हवेंत मिसळीत असतो. तो थांबला व आकाश निरभ्र राहिलें, म्हणजे जमीन आपली उष्णता रातोरात गमावते. तिच्यालगतची हवा गार व जड होऊन पाण्याप्रमाणें उतारानें वाहते आणि सखलांत सांचते. कादवा-गोदावरीच्या खोऱ्यांतील निफाड येथें २०१८ च्या डिसेंबरअखेर तपमान २ अंश सेंटिग्रेडच्याहि खालीं गेलें होतें. अशा थंडींत मण्यांची वाढ खुंटते, तयार मणी तडकतात, आणि छाटणीपासून घातलेला पैसा बुडतो.

म्हणून बागेच्या वरच्या अंगास शेवरीची दाट वई असावी हें योग्यच. पण उताराच्या तळाशीं तीच वई म्हणजे थंड हवेस घातलेला बांध होय. तेथें ती विरळ ठेवावी, खालच्या फांद्या छाटाव्या. आपली थंडी शेजाऱ्याच्या रानांत लोटली असा तंटा यावरून कोणी काढील! त्यास आमचें सांगणें इतकेंच कीं त्यानेंहि आपली वाट मोकळी करावी.

पालापाचोळा पेटवून धूर करण्यावर पुष्कळांची भिस्त असते. त्यांत जाळाची ऊब तेवढी उपयोगी. ढगाप्रमाणें जमिनीची उष्णता अडविण्याचें काम धुराकडून फारसें होत नाहीं. त्यापेक्षां थंडीची वर्दी मिळतांच बागेस पाणी द्यावें. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक सांठविते व पहांटे परत देते. विहिरीचें पाणीहि त्या वेळीं हवेहून उबदार असतें.

ज्यांस नवी बाग लावावयाची आहे, त्यांनीं या हिंवाळ्यांत वारा पडलेल्या एखाद्या पहांटे रानांतून फेरी मारावी. पायांस जेथें गारठा अधिक लागेल ती जागा गव्हास सोडावी.