विजेच्या खुणेने डीएनए

साखर तपासण्याचं छोटं यंत्र आता कितीतरी घरांत असतं. रक्ताचा थेंब पट्टीला लावला की काही सेकंदांत आकडा दिसतो, आणि तो येतो विद्युतप्रवाह मोजून. याच वाटेने रोगजंतूचा डीएनए ओळखायचा, हा या अंकाचा विषय.

या शोधाची सुरुवात बरीच जुनी आहे. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातले शास्त्रज्ञ एमिल पालेचेक यांनी पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा विद्युत-प्रतिसाद टिपला आणि १९६० साली तो प्रसिद्ध केला. पुढे २००३मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएची दुमडलेली साखळी बसवली, तिच्या टोकाला फेरोसीन हे इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणारं संयुग जोडलं. जोडीची साखळी भेटली की घडी उलगडते, फेरोसीन सोन्यापासून लांब जातं आणि प्रवाह घटतो. किती देखणी रचना!

खरी कसोटी मात्र रक्ता-थुंकीच्या नमुन्यात लागते. तिथली प्रथिनं इलेक्ट्रोडला चिकटतात, खूण पुसट होते. क्षयाचं निदान लवकर व्हावं म्हणून झटणाऱ्या आपल्या देशाला ही अडचण परकी नाही. म्हणूनच या अंकात आम्ही यशापेक्षा अशा अडचणींना जास्त पानं दिली आहेत. प्रयोगशाळेत किंवा आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव आम्हाला जरूर कळवावेत.