मंडपात उरलेला भाऊ

घनसावंगी तालुक्यातल्या एका फाट्यावर मध्यंतरी फ्लेक्स लागला होता. गावातलं पोरगं फौजदार झालं, त्याच्या अभिनंदनाचा. वर नेत्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची दाटी, मधोमध खाकीतला मुलगा. त्याचा थोरला भाऊ त्यात कुठेच नव्हता. पाच वर्षं पुण्यातल्या खोलीचं भाडं, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी ज्यानं धाडली, तो फाट्यापासून कोसभरावर मोसंबीच्या बागेत दारं धरून उभा होता. विचारलं तर म्हणाला, "मला कशाला पायजे फोटू? त्याचं झालं, बास."

रीत जुनीच आहे. याच तालुक्यातल्या जांबला १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर पुढे समर्थ रामदास झाला. 'सावधान' कानावर पडताच तो आसनगावच्या लग्नमंडपातून पळाला, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. नंतर त्या मंडपात काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले असतील, वधूपक्षानं आवाज चढवला असेल, आई राणूबाईंनी टाहो फोडला असेल. वडील सूर्याजीपंत तर आधीच गेलेले. या सगळ्याला तोंड द्यायला उरला गंगाधर, नारायणाहून अवघ्या तीनेक वर्षांनी मोठा. म्हणजे घरातला कर्ता पुरुष जेमतेम पंधराचा.

हा गंगाधर बखरींतून आणि आख्यायिकांतून कडेकडेनं भेटतो. धाकट्यानं त्याच्याकडे मंत्र मागितला, तेव्हा 'अजून लहान आहेस' म्हणून त्यानं दिला नाही. पोरगं रुसून मारुतीच्या देवळात जाऊन बसलं. वरवर पाहता हा नकारच, पण जालन्याच्या मोसंबीवाल्याला त्यातली गोम कळावी. आंब्या बहार धरायचा तर ऐन थंडीत बागेचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच हातचं जातं. किती दिवस आणि कुठवर, हे ज्याचं त्यालाच कळतं, आणि तेवढे दिवस त्यालाही नीट झोप लागत नाही.

नारायण गेल्यावर आईची समजूत घातली तीही गंगाधरनंच, असं परंपरा सांगते. बारा वर्षं नाशिकजवळच्या टाकळीला तप, बारा वर्षं तीर्थाटन, अशी चोवीस वर्षं गेली. मग जटा वाढवलेला एक गोसावी जांबच्या दारात उभा राहिला. रडून रडून आईची दृष्टी गेली होती, असं कथेत येतं. पण आई होती. भाऊ होता, वहिनी होती, चूल पेटत होती. चोवीस वर्षांनी परत यावं आणि घर जागेवर असावं, हा काही आपोआप होणारा चमत्कार नव्हे. गंगाधरला पुढे लोक 'श्रेष्ठ' म्हणू लागले. 'रामीरामदास' या नावानं त्यानं लिहिलंही, 'भक्तिरहस्य' त्याचंच. समर्थांच्या सज्जनगडाला आपण गाड्या भरभरून जातो. आपल्याच जिल्ह्यातल्या दहिफळची श्रेष्ठांची समाधी किती जालनेकरांनी पाहिली आहे, हा प्रश्न जरा अडचणीचाच.

थोरलेपण नेहमी असंच असतं, असं मानायचं कारण नाही. 'मी मोठा' म्हणत बांध कोरणारे आहेत, पुतणीचं लग्न दहावीच्या आत उरकणारेही आहेत. ते ओळखू येतात, कारण ते फार बोलतात. आणि थोरले म्हणजे काही पुरुषच नव्हेत. दिवाळी सरली की मंठा, परतूर, अंबडकडची कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. पोरांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. तिचा भरवसा धरून कोण किती बसतं, ते गावात जाऊन पाहावं. खरं वसतिगृह आजी चालवते. रात्री दाराला कडी घालून वर पाटा टेकवते, स्वतःचं अंथरूण दारालगत टाकते, नातीचं भिंतीकडे. अक्षरओळख नाही, तरी नातीची वही रोज उघडते आणि लाल शाईच्या खुणा मोजते. कमी असल्या की भाकरीवर तुपाचं बोट फिरतं.

अडचण होते ती वाटणीच्या वेळी. सातबाऱ्यावर हिस्से पडतात, गुंठ्यांचा हिशोब लागतो. २०१२च्या दुष्काळात बाग जगवायला विकत आणलेल्या टँकरांचा, मोडलेल्या बैलजोडीचा, थोरल्यानं न केलेल्या शिक्षणाचा रकाना तिथे नसतो. कायद्यात तो बसवावा, असं म्हणणं नाही. पण कागदावर अंगठे उमटण्याआधी धाकट्यानं त्याची तोंडी नोंद करायला काय हरकत आहे? "दादा, तुझ्यामुळं झालं" एवढं वाक्य चारचौघांत म्हणायला आपल्याकडच्या साहेब झालेल्या धाकट्यांची जीभ का अडखळते, कोण जाणे.

फाट्यावरचा तो फ्लेक्स पहिल्या वळवात एका बाजूनं सुटला. थोरल्यानं तो उतरवून शेतात नेला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला. भावाचा चेहरा वरच्या बाजूला येईल असा, चारी टोकांना दगड ठेवून.