पदकें कोणाच्या छातीवर?

दर वर्षीं २६ जानेवारी व १५ ऑगस्ट हे दिवस तोंडावर आले कीं दिल्लीच्या गृहखात्याकडून एक लांबलचक यादी बाहेर पडते. पोलीस, अग्निशामक दल, होमगार्ड, नागरी संरक्षण व तुरुंग या खात्यांतील ज्या इसमांस राष्ट्रपतींचीं पदकें मिळालीं, त्यांचीं नांवें तींत असतात. वर्तमानपत्रें त्यांतील चारदोन बड्या साहेबांच्या तसबिरी छापून मोकळीं होतात व बाकीची यादी रद्दींत जाते. आम्ही ही यादी तळापासून वाचतों. शिपाई किती, हवालदार किती, फायरमन किती, हें आधीं पाहतों, साहेबलोक मग. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे भाऊ, मुलगे व आतां मुलीही खाकी अंगावर चढवून पोट भरीत आहेत, तेव्हां यांत कोणास नवल वाटूं नये.

शूरांचा सन्मान करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. राज्य कोणाचेंही असो, जिवावर उदार होणाऱ्याची पाठ थोपटलीच पाहिजे. इंग्रज सरकारनें १९०९ सालीं राजाच्या नांवाचें पोलीस पदक काढलें, तें आग विझविणारांसही मिळे. प्रजासत्ताक आल्यावर १ मार्च १९५१ रोजीं राष्ट्रपतींच्या नांवानें नवीं पदकें सुरू झालीं. पुढें खात्यागणिक पदकें वाढत जाऊन त्यांची संख्या सोळावर गेली; तीं एकवटून २०२४ च्या आरंभीं चार करण्यांत आलीं, शौर्याचीं दोन व सेवेचीं दोन. घोळ मिटला हें बरें झालें. पण शौर्य व सेवा या दोन शब्दांत जें अंतर आहे तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. शौर्य एका घटकेंत सिद्ध होतें आणि बहुधा चार माणसांनीं तें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. सेवा वर्षानुवर्षांची, आणि ती कशी झाली हें वरिष्ठाच्या शेऱ्यावरून ठरतें.

शौर्याच्या बाबतींत हुद्द्याची मिजास चालत नाहीं याचा दाखला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मिळाला. सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे हे मुंबई पोलिसांत साहाय्यक उपनिरीक्षक होते. पूर्वीं लष्करांत चाकरी केलेला हा गडी. गिरगांव चौपाटीवर अतिरेक्यांची मोटार अडविली तेव्हां त्यांच्या हातीं काठी होती व समोर एके-४७ बंदूक. त्यांनीं बंदुकीची नळी धरली ती सोडली नाहीं. गोळ्या अंगांत घेतल्या, आणि कसाब जिवंत हातीं लागला. तो जिवंत लागला म्हणूनच कटाचा उलगडा झाला, न्यायालयांत खटला उभा राहिला. २६ जानेवारी २००९ रोजीं जें अशोकचक्र हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांस मिळालें, तेंच ओंबळे यांसही मिळालें. येथें सरकारनें हुद्दा पाहिला नाहीं, याबद्दल आम्ही त्याचें अभिनंदनच करूं.

पण एक प्रश्न पदकाच्या चकाकींत बुजतां कामा नये. त्या रात्रीं त्यांच्या हातीं काठीच कां होती? माणूस मेल्यावर त्याच्या शौर्याची थोरवी गाणें स्वस्त पडतें. जिवंतपणीं त्याच्या हातीं नीट हत्यार व अंगावर नीट चिलखत देणें महाग पडतें. २०२५ सालीं राज्य सरकारनें केडंबे येथें ओंबळ्यांच्या स्मारकासाठीं १३ कोटींहून अधिक रकमेस मंजुरी दिली. स्मारक अवश्य व्हावें. पण वरळी व नायगांवच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलींत पोलिसांच्या किती पिढ्या वाढल्या, हेंही त्याच सरकारनें आठवावें. वरळीस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळूं लागल्या त्या २०२५ च्या ऑगस्टांत, म्हणजे चाळी बांधून शंभर वर्षें होत आल्यावर. आठ तासांच्या पाळीची गोष्ट तशीच. २०१६ सालीं देवनार ठाण्यांत हा प्रयोग झाला, आणि त्याची योजना कोणा सचिवानें आंखली नव्हती, ती एका शिपायानें कागदावर मांडली होती. बारा बारा तास उभा राहणारा माणूस कसा जगतो हें त्यालाच ठाऊक! अशा अकलेला मात्र पदक असल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां आग विझविणारांकडे वळूं. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशामक सेवा दिन म्हणून पाळतात. (डॉ. आंबेडकरांची जयंतीही त्याच दिवशीं, म्हणून आमच्या वस्त्यांत तो दिवस दुसऱ्या कारणानें गाजतो व हा मागें पडतो.) १९४४ सालीं त्या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ नांवाच्या जहाजानें पेट घेतला. जहाजांत कापसाच्या गासड्या, सुमारें १४०० टन स्फोटक माल व सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या. कापूस आणि दारूगोळा शेजारीं ठेवण्याची अक्कल कोणाची होती तें असो. बंबवाल्यांनीं जहाज सोडून पळ काढला नाहीं. ते पाण्याचा मारा करीत राहिले, आणि दुपारीं चारच्या सुमारास जहाज उडालें. अग्निशामक दलाचे ६६ जण गेले. लढाईचे दिवस म्हणून बातमीवरही सरकारी कात्री चालली. त्या सोन्याच्या विटा पुढें कित्येक वर्षें गोदीच्या गाळांतून निघत होत्या व मालकास परत जात होत्या. गोदींत व आसपास किती मजूर मेले, याचा आंकडा मात्र आजही कोणी आठशें सांगतो, कोणी तेराशें. विटेचा हिशेब राहतो, हमालाचा राहत नाहीं.

आमचा राग साहेबावर नाहीं, साहेबीवर आहे, हेंही येथेंच सांगून टाकतों. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीस आग लागली तेव्हां मुंबई अग्निशामक दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, आणि संजय राणे व महेंद्र देसाई असे चार अधिकारी त्या आगींत बळी पडले. प्रमुखानें मागें खुर्चींत बसून हुकूम सोडले असते तर तो वांचला असता. असा साहेब दिसला तर आमचा मुजरा पहिला.

तक्रार आहे ती शिफारशीच्या वाटेची. पदक आकाशांतून पडत नाहीं. ठाण्यांतून वा केंद्रांतून नांव वर जातें, तेथून खात्याच्या प्रमुखाकडे, मग राज्याच्या गृहखात्याकडे, मग दिल्लीस. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी कागद पुढें ढकलावा लागतो. ज्याला मागें कोणी नाहीं त्याचा कागद पहिल्याच पायरीवर निजतो. आणि ज्याला पायरीच नाहीं त्याचें काय? १ मे २०१९ रोजीं गडचिरोलींत जांभुळखेड्याजवळ सुरुंग फुटून पोलिसांचे १५ जवान मेले. त्यांची गाडी खाजगी होती. तिचा चालकही त्यांच्याबरोबर मेला. सुरुंगानें त्याला विचारलें नाहीं कीं बाबा, तूं सरकारी कीं खाजगी. २०२१ च्या नोव्हेंबरांत ताडोबाच्या जंगलांत वाघांचा माग काढीत असतां एका वनरक्षक बाईस वाघिणीनें मारलें. पोलिसाच्या पदकाच्या यादींत असल्या माणसांस दार नाहीं.

आणि गटारांत उतरणारा? पावसाळ्यांत शहर तुंबलें कीं ज्याच्यावांचून बंब, रुग्णवाहिका व पोलीस यांपैकीं कोणाचेंही चाक हालत नाहीं, तो सार्वजनिक सुरक्षेचा नोकर नव्हे काय? त्याची जात कोणती असते हें आम्ही सांगावयास नको. १९९३ सालीं एक कायदा झाला, २०१३ सालीं दुसरा, तरी माणूस गटारांत उतरतोच व विषारी वायूनें मरतोच. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा मृत्यूबद्दल दहा लाख देण्याचा हुकूम केला व २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रक्कम तीस लाख केली. आमचे कांहीं मित्र म्हणतात कीं या लोकांसही मरणोत्तर पदक द्यावें. हें आम्हांस पसंत नाहीं. संरक्षणाच्या साधनांवांचून माणूस आंत उतरविणें हा गुन्हा आहे. त्या गुन्ह्याच्या बळीस शूर ठरविलें कीं उतरविणारा ठेकेदार सुटला आणि वर हार घेऊन सभेलाही येऊन बसला! तेथें पदक नको. तेथें तीस लाख वेळेवर हवेत, आणि ठेकेदाराच्या हातांत बेडी हवी.

राज्यघटनेच्या १८ व्या कलमानें पदव्या गेल्या. रावबहादूर व रावसाहेब इतिहासांत जमा झाले, आणि ११ मे १८८८ रोजीं मांडवीच्या कोळीवाड्यांत लोकांनीं जोतीरावांस दिलेली ‘महात्मा’ ही पदवी तेवढी राहिली. पदकें मात्र आहेत व राहतील, तेव्हां तीं नीट द्यावींत इतकेंच आमचें मागणें. पदकासाठीं नांव सुचविण्याचा हक्क ठाण्यांतल्या शिपायांस, बंबावरच्या फायरमनांस व ज्यांचे प्राण वांचले त्या नागरिकांसही असावा. ठेक्यावरचा फायरमन, वनरक्षक व किनाऱ्यावरचा जीवरक्षक यांस त्याच मानाचें दार उघडावें. मेलेल्याच्या बायकोमुलांस निवृत्तिवेतन व राहती खोली यांचा हुकूम पदकाच्या आधीं हातीं पडावा. आणि यादी निघेल त्या दिवशीं प्रत्येक नांवापुढें त्या माणसानें केलें काय, हें दोन ओळी मराठींत लिहून जिल्ह्याच्या कचेरीवर व त्याच्या गांवच्या चावडीवर लावावें. याला खर्च कागदाचा व खिळ्यांचा. येत्या यादीच्या वेळीं तो झाला कीं नाहीं तें आम्ही पाहूं.