हर्नियाचं ऑपरेशन आणि मुंबईची वाट

या पानावर मी एरवी बियाणं, खत आणि किडीबद्दल लिहितो. आजचा विषय शेतकऱ्याच्या अंगाचा आहे. शिवारात फिरताना फवारणीचा पंप बांधावर टेकवून जांघेत हात दाबत उभा असलेला एखादा तरी माणूस मला दर हंगामात भेटतो. विचारलं तर म्हणतो, "काही नाही साहेब, जरा गाठ येते. आडवं झालं की जाते." हाच हर्निया, म्हणजे अंतर्गळ. कुणी आतडं उतरलं म्हणतं. जागा लाजेची, म्हणून घरातसुद्धा कुणी बोलत नाही. आणि दुखणं तर इतकं सर्रास आहे की चार पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो.

मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण जे डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते सांगतो.

सायकलच्या टायरला चीर पडली की हवा भरताना तिथून ट्यूब डोकावते. पोटाच्या भिंतीचं तसंच होतं. एक जागा कमजोर पडते आणि जोर केला, खोकलं, की आतली चरबी नाहीतर आतडं तिथून बाहेर येतं. भरलेला पंप वीस किलोच्या आसपास, युरियाचं पोतं ४५ किलोचं. त्यात बिडीचा खोकला, बद्धकोष्ठ किंवा म्हातारपणी लघवीला करावा लागणारा जोर यांची भर पडते. चीर गोळीने सांधत नाही, मालिशने नाही, पट्ट्यानेही नाही. पट्टा गाठ दाबून धरतो, इतकंच. बायकांमध्ये बेंबीचा किंवा जुन्या सिझेरियनच्या व्रणातला हर्नियाही दिसतो. बाईच्या जांघेत गाठ आली तर मात्र लगेच दाखवावी, कारण तिथे आतडं अडकण्याचा धोका जास्त.

आमच्या भावकीतल्या एका आबांनी चार वर्षं पट्ट्यावर काढली. दर साली एकच वाक्य, "यंदाची सुगी होऊ द्या." ऐन भातलावणीत गाठ आत जाईना. दगडासारखी घट्ट झाली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. घरच्यांनी तेल लावून दाबून पाहिलं, ते तर फारच वाईट. रात्री जीपने कराडला नेलं. आतड्याचा अडकलेला तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. अकरा दिवस खाटेवर गेले. लावणी मजुरांनी केली, तीही उशिरा. गाठ आत जात नाही, दुखते आणि उलट्या होतात, असं झालं की सकाळची वाट पाहायची नसते. खायला-प्यायला काही देऊ नका, गाठ दाबू नका, १०८ ला फोन करा. इथे हिशेब तासांचा असतो.

आता मुंबईचं. आपल्या पाटण तालुक्यात ऑपरेशन म्हटलं की माणूस घाटकोपर, मुलुंड नाहीतर बोरिवलीच्या भावाकडे निघतो. घरटी कुणीतरी तिकडे आहे, आणि राजावाडी, कूपर ही नावं गावात तोंडपाठ आहेत. माझ्या शेजारचे एक शेतकरी असेच मार्चमध्ये गेले. उपनगरातल्या एका रुग्णालयात पहिल्या फेरीला तपासणी, दुसऱ्या फेरीला रक्त, साखर, छातीचा फोटो, तिसऱ्या फेरीला तारीख. ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. खरा त्रास पुढेच होता. भावाची खोली असल्फ्याच्या डोंगरावर, वर जायला नुसत्या पायऱ्या. संडास सार्वजनिक, सकाळी रांग, आणि जोर करू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. चौथ्या दिवशी एसटीत बसून सात तास गचके खात आले. टाके काढायला पुन्हा मुंबईला जायचं होतं, ते शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात निघाले. मला म्हणाले, "साहेब, ऑपरेशनचं काही वाटलं नाही, पायऱ्यांनी जीव काढला."

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की साध्या, पहिल्यांदाच होणाऱ्या जांघेच्या हर्नियासाठी मुंबई गाठायची गरज नाही. आधी कराडचं उपजिल्हा रुग्णालय किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय विचारा. सर्जन कोणत्या वारी असतात, भूल देणारे डॉक्टर आहेत का, तारीख कधी मिळेल, हे चौकशीला एक फेरी मारून कळतं. परत उलटलेला हर्निया, फार मोठा हर्निया, हृदयाचा आजार असलेला रोगी, यांची गोष्ट वेगळी. त्यांना तिथलेच डॉक्टर मोठ्या ठिकाणी पाठवतील.

लहान गावात हे काम नीट होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचं उदाहरण पाहावं. हर्नियात नुसते टाके घालून स्नायू ताणून शिवले तर ते पुन्हा उसवण्याची भीती असते, म्हणून आता बहुधा त्या जागी बारीक जाळी बसवतात. परदेशी जाळी एकेकाळी गरिबाला परवडत नसे. दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं, आणि साडेतीनशेहून जास्त हर्नियांचा अनुभव २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीची जाळी आणि महागडी जाळी यांची तुलना झाली, ती २०१६ साली छापून आली. वर्षभरात स्वस्त जाळीवाल्यांपैकी एकाचा हर्निया उलटला, महाग जाळीवाल्यांत एकाचाही नाही. म्हणजे फरक जवळपास नाहीच. (आठवडी बाजारातली मच्छरदाणी घेऊन कृपया डॉक्टरांकडे जाऊ नका. कापड कोणतं आणि ते कसं निर्जंतुक करायचं, हे त्यांचं शास्त्र आहे.) "अंगात जाळी राहते म्हणे" ही भीती मी अनेकांकडून ऐकली. ती राहतेच, राहण्यासाठीच असते. तिच्याभोवती आपलं मांस धरतं आणि भिंत घट्ट होते.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी बोलावतात. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात, माणूस जागा असतो. जांघेत चार बोटांएवढा छेद, काम तासाभराचं. दुर्बिणीने केलं तर तीन लहान छिद्रं, पण त्याला पूर्ण भूल लागते आणि खर्च बहुधा जास्त येतो. संध्याकाळी उठवून चालवतात. पहिली लघवी कधी अडते. अंडाशी सूज, काळंनिळं पडणं आठवडाभर दिसतं, घाबरू नका. छेदाजवळ बधिरपणा महिनोन् महिने राहू शकतो. काहींना तिथे दुखत राहतं, ते अंगावर काढू नका. ताप, पू, वाढती लाली दिसली तर त्याच दिवशी परत जा. चालणं, जिना, हलकी कामं आठ-पंधरा दिवसांत. पंप, पोतं आणि बैलांमागे धावणं मात्र चार ते सहा आठवडे बंद.

हे आठवडे कॅलेंडरवर आत्ताच मोजा. रब्बीची काढणी झाली की मार्च-एप्रिल बरा. मेच्या शेवटी ऑपरेशन करून मृगात औत धरायचं ठरवलं तर ते व्हायचं नाही. गाठ लहान असेल आणि त्रास काहीच नसेल तर पुरुषाला डॉक्टर थांबायलाही सांगतात. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, आपण नव्हे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. फेब्रुवारीत आशाताईंकडून गावातल्या अशा रोग्यांची यादी करवून घ्या, नावं चारचौघांत वाचू नका. आयुष्मान कार्ड, रेशनकार्ड, आधार तपासून द्या, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयात हे ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. ऑपरेशन झाल्यावर ही विचारपूस करण्यात अर्थ नाही.

आबा आता बरे आहेत. परवा बांधावर भेटले तर पहिला प्रश्न हाच, "पंप कधी घेऊ?" मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलं? ते हसले. पंप मुलाच्या पाठीवर होता.