टावी : नुसतं वय पाहून ठरत नाही

गेल्या अंकातल्या लेखात टावीची, म्हणजे छाती न उघडता नळीवाटे महाधमनीची नवी झडप बसवण्याच्या पद्धतीची, निवड जणू रुग्णाच्या वयावरच ठरते, असा सूर आहे. तो अपुरा वाटतो. २००२मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलाँ क्रिबिए यांनी माणसात पहिल्यांदा अशी झडप बसवली. या पद्धतीत जुनी झडप कापून काढत नाहीत. नवी तिलाच बाजूला रेटून बसते. त्यामुळे महाधमनीच्या मुळाशी जागा कशी आहे, याला फार महत्त्व येतं. सीटी स्कॅनवर झडपेच्या कड्याचा परीघ मोजतात. निवडलेली झडप लहान पडली तर कडेने रक्त झिरपतं, फार मोठी झाली तर कडं फाटू शकतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं तोंड कड्यापासून जेमतेम १० मिलिमीटरवर असेल, तर रेटलेली जुनी पाकळी ते बंद करण्याचा धोका असतो. शिवाय काहींच्या झडपेला जन्मतः दोनच पाकळ्या असतात. कमी जोखमीच्या रुग्णांवरच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-३ आणि एव्होल्यूट या चाचण्यांत असे रुग्ण घेतलेलेच नव्हते. मग त्यांचे निष्कर्ष सरसकट सगळ्यांना कसे लावायचे? वय विचारात घ्यावंच. पण निर्णयाआधी नातेवाइकांनी ‘सीटीत काय दिसलं?’ हेही डॉक्टरांना जरूर विचारावं.

– एक वाचक, नाशिक